पूरबोट तालुक्याला कोणती हवी? आधी विचारा, ठेवणार कुठे! समजून घ्या बोटीचे साधे गणित

रबरी की फायबरची, पंचवीस एचपी की चाळीस, दहा माणसांची की पंधराची... बोटीचा विषय निघाला की चर्चा इथूनच सुरू होते. समुद्रावर शिडाच्या नौकेतून महिनोन्महिने फिरणारे लोक मात्र सुरुवात वेगळ्या प्रश्नाने करतात. त्यांचा तो प्रश्न अहमदपूरसारख्या तालुक्याच्या जास्त कामाचा आहे.

अहमदपूर : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा या जिल्ह्यात कुणी बोटीचा विषय काढला असता तर लोक हसले असते. आता तो हसण्याचा विषय राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये १७ आणि १८ तारखेदरम्यान शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना पाण्याने वेढले. हसनाळमध्ये जीवितहानी झाली. बचावासाठी एनडीआरएफ, पोलीस आणि छत्रपती संभाजीनगरहून लष्कराचे पथक बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात धाराशिव आणि सोलापूरच्या गावांत सीनेच्या पुराने तशीच वेळ आणली.

अहमदपूरची परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेवरचा हा तालुका. इथून वाहणारी मन्याड पुढे लोहा तालुक्यातील लिंबोटी धरणात जाते. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी नदी डोंगरातल्या एका रात्रीच्या पावसात पुलावरून वाहू लागते. म्हणजे वेळ कमी मिळतो. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, तिथून अहमदपूर चारशे किलोमीटरच्या आसपास. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. काही वेळा पथके आधीच जिल्ह्यांत आणून ठेवली जातात हे खरे, पण लातूर शहर ते अहमदपूर हे अंतरही साठ-पासष्ट किलोमीटर आहे. वाटेतला एक पूल पाण्याखाली गेला तर?

म्हणून तालुक्याची, मोठ्या गावाची स्वतःची बोट हवी, ही मागणी रास्त आहे. पण कोणती बोट? इथे थोडे समुद्रावर जाऊन येऊ.

शिडाच्या नौकेचा आणि पूरबोटीचा संबंध काय?

लांबच्या प्रवासाची शिडाची नौका तीस-चाळीस फुटांची किंवा त्याहून मोठी असते. तिचा तळ खोल असतो, त्यामुळे ती थेट किनाऱ्याला लावता येत नाही. ती खोल पाण्यात नांगरायची आणि किनाऱ्यावर जायला, पाणी-डिझेल-किराणा आणायला एक छोटी होडी वापरायची. या होडीला डिंगी म्हणतात. शब्द इंग्रजी वाटला तरी मूळचा आपल्याच बाजूचा आहे. हिंदी-बंगालीत छोट्या होडीला डिंगी, डेंगी म्हणतात, तिथून तो इंग्रजीत गेला.

ही डिंगी आणि आपली पूरबोट जवळजवळ एकाच जातीच्या. दोन्ही लहान, दोन्ही बहुतेक वेळा हवा भरायच्या, दोन्हींना मागे काढ-घाल करता येणारी मोटार. दोन्हींची अडचणही एकच : काम थोडा वेळ असते, बाकी सगळा वेळ ती कुठेतरी ठेवावी लागते.

नौकेवर जागा फार थोडी. म्हणून अनुभवी माणूस डिंगी घेताना आधी डेकवरची मोकळी जागा मोजतो. मग दोन माणसांना किती वजन उचलता येईल ते पाहतो. त्या मापात बसेल तेवढीच बोट आणि तेवढीच मोटार घेतो. मोठी बोट घेतली आणि ती काढायला अर्धा तास लागला, तर माणूस ती काढायचाच कंटाळा करतो, हे त्यांना ठाऊक असते.

अशी छोटी रबरी बोट किती मोलाची असते, याचे एक उदाहरण भारतीय आहे. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांची ‘थुरिया’ ही नौका गोव्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. २४ सप्टेंबरला फ्रान्सचे ‘ओसिरिस’ हे मत्स्यगस्ती जहाज तिथे पोहोचले. मोठे जहाज लाटांत थेट नौकेला चिकटवता येत नाही. त्यामुळे शेवटचे अंतर हवा भरलेल्या छोट्या बोटीने कापून त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढण्यात आले. वेढलेल्या वस्तीपर्यंत ट्रक जात नाही, हेलिकॉप्टर प्रत्येक छपरावर उतरत नाही. तिथेही शेवटचे अंतर अशाच बोटीला कापायचे असते.

बोटीचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन.

पहिला, कडक बोट. आपल्याकडे बहुतेक फायबरची. मजबूत, काटा-तार लागून फुटत नाही, उन्हात बरीच वर्षे टिकते. पण चौदा-पंधरा फुटांची बोट दोन-अडीचशे किलोच्या पुढे जाते. ती हलवायला आठ माणसे, नाहीतर ट्रेलर हवा. कडेवर सगळे एका बाजूला आले तर लवकर कलंडते.

दुसरा, घडी होणारी रबरी बोट. कडेला हवेच्या जाड नळ्या, तळाला प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमच्या फळ्या. नौकेवरची तीन मीटरची अशी डिंगी तीस-चाळीस किलोची असते. बचावाची साडेचार मीटरची बोट फळ्यांसह शंभर किलोच्या आसपास जाते. हवा काढून जीपच्या मागे टाकता येते. रुंद नळ्यांमुळे सहज उलटत नाही आणि पाण्यातल्या माणसाला कडेवरून आत ओढणे सोपे जाते. तोटा एकच पण मोठा : बाभळीचा काटा, काटेरी तार, पाण्याखालचा पत्रा. मराठवाड्यातल्या पुरात हे तिन्ही असतात.

तिसरा, कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या. ही रचना १९६० च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजमध्ये विकसित झाली. आज तटरक्षक दलापासून सगळीकडे ती दिसते. लाटांत उत्तम चालते. पण तळ कडक असल्याने घडी होत नाही, म्हणजे ट्रेलर आणि शेड दोन्ही लागतात.

मन्याडसारख्या नदीसाठी आणि आतल्या रस्त्यांसाठी दुसरा प्रकार बहुधा सोयीचा. धरणाच्या काठी, जिथे बोट कायम पाण्याजवळ ठेवता येते, तिथे पहिला. ‘सगळ्यात चांगली बोट कोणती’ याला एकच उत्तर नाही. ती राहणार कुठे, यावर उत्तर ठरते.

दहा माणसांच्या बोटीत पंधरा बसली तर?

हे गणित शाळेतल्या विज्ञानाचे आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या वजनाला पाणी वर उचलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

समजा साडेचार मीटरच्या रबरी बोटीची नळी ४५ सेंटिमीटर जाडीची आहे आणि दोन्ही बाजू व पुढचे तोंड धरून तिची लांबी दहा मीटर भरते. तिचे आकारमान होते सुमारे १५९० लिटर. म्हणजे नळी पूर्ण बुडेपर्यंत ती १५९० किलो पेलू शकते.

आता वजन मोजू. बोट आणि फळ्या १०० किलो, मोटार ६०, पेट्रोलची टाकी, दोर, वल्ही मिळून ३०. झाले १९०. ओले कपडे आणि लाइफ जॅकेटसह माणशी ७५ किलो धरले तर चालकासह दहा माणसांचे ७५०. एकूण ९४० किलो. म्हणजे साडेसहाशे किलोची मोकळीक उरते. मग आणखी पाच माणसे का घेऊ नयेत?

कारण नळीत आतून पडदे असतात आणि तिचे वेगवेगळे कप्पे असतात. समजा तीन सारखे कप्पे आहेत आणि त्यातला एक काट्याने फुटला. उरलेले दोन कप्पे पेलतात १०६० किलो. दहा माणसांची ९४० किलोची बोट वाकडी होईल, पाणी आत येईल, पण तरंगत राहील. पंधरा माणसे असतील तर वजन १३१५ किलो. ती बुडेल.

बोटीवर लिहिलेला आकडा हा ‘एक कप्पा फुटला तरी किती जण वाचतील’ याच्या जवळचा आकडा असतो. नळ्या अजून पाण्याबाहेर दिसतात म्हणून जागा शिल्लक आहे, असे समजणे चुकीचे आहे.

सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळची आठवण इथे निघतेच. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात गावातल्या बोटीत तीसच्या आसपास माणसे बसली आणि बोट उलटली. डझनाहून अधिक जीव गेले. त्या माणसांना दोष देता येत नाही. पाणी चढत असताना पुढची फेरी होईल याची खात्री नसेल, तर कुणीही पहिल्याच फेरीत बसेल. म्हणून दोन लहान बोटी एका मोठ्या बोटीपेक्षा बऱ्या. दुसरी बोट समोर दिसत असली की माणसे थांबतात. शिवाय एक अडकली तर दुसरी तिच्यापर्यंत जाऊ शकते.

मोटार किती एचपीची?

बोटीच्या मागे लावायच्या मोटारीला बचाव पथकातले लोक ओबीएम म्हणतात. बोटीत दोनच माणसे असतील तर पंचवीस एचपीची मोटार तिला पाण्यावरून घसरत नेते, वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरपर्यंत जातो. पण बोट भरली की ती पाण्यात खोल बसते आणि स्वतःच तयार केलेल्या लाटेत अडकते. साडेचार मीटरच्या भरलेल्या बोटीचा वेग मग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास येऊन थांबतो. मोटार कितीही ओरडली तरी फारसा फरक पडत नाही.

पुराचे पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहत असेल तर तो वेग होतो ताशी जवळपास अकरा किलोमीटर. म्हणजे भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध पुढे जाणार नाही, मागेच जाईल. म्हणून कसलेला चालक रिकामी बोट प्रवाहाविरुद्ध नेतो आणि भरलेली बोट तिरकी धरून खालच्या बाजूच्या काठाला लावतो. लोकांना उतरवायची जागा वस्तीच्या खालच्या अंगाला का ठेवतात, याचे कारण हे आहे.

चाळीस एचपीची मोटार घेतली तर ताकद वाढते, पण वजनही वाढते. दोन स्ट्रोकची मोटार सत्तर किलोच्या पुढे, चार स्ट्रोकची शंभर किलोच्या जवळ. रात्री, चिखलात, दोन माणसांनी ती उतरवून बोटीला लावायची आहे. नौकेवरचे लोक तीन-पाच एचपीच्या, दोन हातांनी पेलवणाऱ्या मोटारीवर समाधान मानतात ते यासाठीच. आपल्याला त्याहून मोठी हवी, पण नियम तोच : जी उचलता येत नाही ती मोटार कागदावरच राहते.

मग ठेवायची कुठे?

नौकेवर डिंगी ठेवण्याच्या चार पद्धती आहेत. पुढच्या डेकवर उलटी बांधणे, मागच्या बाजूला स्टीलच्या दोन हातांना टांगणे, हवा काढून गुंडाळून ठेवणे, किंवा दोराने मागे ओढत नेणे. शेवटची सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची. लाट मोठी झाली की डिंगी पाण्याने भरते, दोर तुटतो आणि डिंगी जाते. मागे टांगलेली बोट झटपट खाली सोडता येते, पण वादळात तिला मागून लाट झोडपते. उलटी बांधलेली पक्की राहते, मात्र चालकाची नजर अडवते. गुंडाळलेली सुरक्षित, पण काढून फुगवायला वेळ लागतो. थोडक्यात, सुरक्षितता आणि तयारी यांचा मेळ घालावा लागतो.

तालुक्यालाही तोच मेळ घालायचा आहे. बोट गुंडाळून गोदामात ठेवली तर सुरक्षित राहील. पण रात्री दोन वाजता किल्ली कुणाकडे, पायपंप कुठे, फळ्या कोणत्या क्रमाने बसतात, हे शोधण्यात वेळ जाईल. पायपंपाने साडेचार मीटरची बोट फुगवायला सरावातल्या माणसालाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणून साधा तोडगा : आठ महिने घडी करून कोरड्या खोलीत, आणि जून ते सप्टेंबर हवा भरून, फळ्या बसवून, शेडमध्ये ट्रेलरवर. मोटार शेजारी लाकडी घोडीवर उभी.

दुसरा प्रश्न जागेचा. बोट तहसीलच्या आवारात आणि अडकलेले गाव नदीपलीकडे, मधला पूल पाण्याखाली, असे झाले तर बोटीचा उपयोग नाही. पावसाळ्यापूर्वी नकाशा घेऊन बसावे. कोणता पूल आधी बुडतो, त्यानंतर कोणत्या बाजूला किती गावे राहतात, बोट पाण्यात उतरवायला उतार कुठे आहे, हे लिहून काढावे. मग दोन बोटी असतील तर नदीच्या दोन बाजूंना एकेक.

ऊन, उंदीर आणि जुने पेट्रोल

रबरी बोट पुरात जितकी खराब होते, त्याहून जास्त ठेवण्यात खराब होते. लातूरच्या मे महिन्यातल्या उन्हात उघडी ठेवली तर कापड कडक होते, जोड सुटतात. पीव्हीसीचे कापड स्वस्त आणि हलके, पण हायपॅलॉन नावाचे रबर ऊन आणि पेट्रोल जास्त सोसते. निविदा काढताना हा एक शब्द पाहून घ्यावा.

हवेचेही गणित आहे. २५ अंशांना नळीत ०.२५ बार दाब भरला आणि उन्हात नळी ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब ०.४ बारपर्यंत चढतो. जोडांवर ताण येतो. उलट तापलेल्या नळीत हवा भरून बोट गार पाण्यात टाकली तर दाब निम्म्यावर येतो आणि बोट लिबलिबीत होते. म्हणून शेडमध्ये थोडी कमी हवा ठेवायची आणि पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पंप मारायचा.

ओली बोट गुंडाळली तर बुरशी येते, फळ्या फुगतात. गोदामात धान्य असेल तर उंदीर येतात आणि ते कापडही सोडत नाहीत. टाकीत वर्षभर पडलेले पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबवते. यावर उपाय स्वस्त आहे : मोसम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मोटार पाण्याच्या पिंपात धरून दहा मिनिटे चालवायची.

नौकेवर आणखी एक वस्तू असते, जीवरक्षक तराफा. तो डब्यात बंद असतो आणि नौका सोडायची वेळ आली तरच उघडतो. त्यामुळे तो ठरल्या मुदतीत तपासणीला पाठवावाच लागतो, कारण आतून बिघडला असेल तर कळायला दुसरा मार्ग नाही. डिंगीचे तसे नसते. ती रोज वापरात असल्याने बिघाड लगेच लक्षात येतो. आपली पूरबोट डिंगीसारखी असूनही आपण तिला तराफ्यासारखी बंद ठेवतो आणि तपासणीही करत नाही. ती धरणावर मासेमारी करणाऱ्यांच्या, स्थानिक जीवरक्षकांच्या किंवा आपदा मित्रांच्या हातात महिन्यातून एकदा जरी पाण्यात उतरली, तरी तिचे अर्धे आजार आधीच कळतील.

चालवणार कोण?

बोट चांगली आणि माणसे प्रशिक्षित असली तरी पाणी धोक्याचेच. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना एसडीआरएफचीच बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवान गेले. त्याच्या दोनच दिवस आधी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता.

बंधाऱ्याच्या खाली पाणी गोल फिरून पुन्हा भिंतीकडे ओढते. वरून ते शांत दिसते, पण त्यात गेलेली बोट मोटारीच्या जोरावरही सहज निघत नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येक नदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत. पुरात ते पाण्याखाली जातात आणि दिसत नाहीत. ते नेमके कुठे आहेत हे बाहेरून आलेल्या पथकाला माहीत नसते, गावातल्या माणसाला असते. म्हणून प्रत्येक बोटीबरोबर एक स्थानिक वाटाड्या ठरलेला हवा, आणि त्यालाही लाइफ जॅकेट हवेच.

आपल्याकडे बोट नसली की माणसे ट्रॅक्टरची ट्यूब, गुळाची काहील, थर्माकोल यांवर नदी ओलांडतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलवरून शाळेत जात असल्याचे समोर आले, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. या साधनांना ना कप्पे असतात, ना धरायला कड. वाहत्या पाण्यात त्यांचा भरवसा धरू नये.

जूनआधी विचारायचे सात प्रश्न

तुमच्या गावात किंवा तालुक्यात बोट असेल, तर ग्रामसभेत हे प्रश्न विचारता येतील.

१. बोट आत्ता कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली रात्री कुणाकडे असते?

२. ती शेवटची पाण्यात कधी उतरवली?

३. कप्पे किती आहेत आणि २४ तास हवा भरून ठेवल्यावर प्रत्येक कप्पा टिकतो का?

४. मोटार आज सुरू होते का? पेट्रोल कधीचे आहे?

५. मोटार बंद पडली तर वल्ही, दोर आणि नांगर बोटीत आहेत का?

६. जितकी माणसे बसणार तितकी लाइफ जॅकेट आहेत का, त्यात लहान मुलांची किती?

७. बोट चालवणारे दोन जण आणि बंधारे माहीत असणारा एक वाटाड्या यांची नावे ठरली आहेत का?

सातपैकी पाच प्रश्नांना पैसे लागत नाहीत, एक दिवस लागतो. रंगीत तालीम म्हणजे फोटोपुरती बोट काठावर ठेवणे नव्हे. घड्याळ लावून बोट गोदामातून काढावी, जीपमध्ये टाकावी, नदीवर नेऊन फुगवावी, मोटार सुरू करावी आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. तासाभराहून जास्त वेळ लागला, तर नवी बोट मागण्याआधी ठेवण्याची जागा बदलावी.